गावाची पहिली पायली

फार पूर्वी खाडीकाठी एक गाव होतं. किती पूर्वी म्हणाल, तर ते खाडीलाच ठाऊक, मला काही सांगता यायचं नाही. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मध्ये चिखलमातीचा एक लांबलचक बांध. भरती आली की पाणी वर आणि शेतं खाली, अशी तिथली गत. बांध होता म्हणून गावाच्या ताटात भात होता.

या बांधाला शत्रू एकच, आणि तोही एवढासा. खेकडा. तो बांधात बीळ करायचा, बिळातून पाणी झिरपायचं, झिरपता झिरपता माती सुटायची. म्हणून गावानं एक राखणदार ठेवला होता. त्याला सगळे पोशाकाका म्हणत. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर चिकणमातीची पाटी, अशा थाटात काका रोज ओहोटीला बांधावरून चालायचा. बीळ दिसलं की आकड्यानं खेकडा ओढायचा आणि बीळ मातीनं ठासून बुजवायचं. खेकडा मात्र काकाच्या कालवणात जायचा, त्यावर कुणाचा हक्क नव्हता.

काकाला स्वतःचं शेत नव्हतं. त्याचं पोट गावाच्या कणगीवर चाले. रीत अशी होती, की खळ्यावर मळणी झाली की भात घरी न्यायच्या आधी प्रत्येकानं पहिली पायली गावाच्या कणगीत ओतायची. त्यातून काका जेवायचा, सुईण जेवायची, आणि ज्या घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला असेल त्या घरची चूलही पेटायची.

त्या गावात गोमा नावाचा शेतकरी होता. माणूस सोन्यासारखा. कुणाचं छप्पर उडालं तर शिडी घेऊन आधी हा हजर. पण पहिली पायली ओतताना मात्र त्याचा जीव खालीवर व्हायचा. बायको चांगुणा हसायची. म्हणायची, एरंडेल पितानाही तुमचं तोंड एवढं वाकडं होत नाही.

आता खरं सांगायचं तर गोमाचं सगळंच चुकत नव्हतं. गावच्या पाटलानं लागोपाठ दोन वर्षं कणगीतलं भात काढून आपल्या व्याह्यांना जेवणावळी घातल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणे, गावाची शोभा वाढते. शिवाय गोमाच्या एवढ्या मोठ्या शेतालाही पायलीच आणि ठमाबाईच्या चादरीएवढ्या तुकड्यालाही पायलीच. ठमाबाई एकटी विधवा बाई. पायली ओतली की तिच्या सुपात फार काही उरत नसे.

एका कार्तिकात गोमानं गावसभेत विषय काढलाच. पाटलाच्या जेवणावळींबद्दल बोलला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बोलता बोलता त्याची गाडी घसरली.

"माझ्या जन्मात बांध एकदाही फुटलेला नाही," तो म्हणाला. "मग हा माणूस रोज हिंडून करतो तरी काय? आपापल्या शेतापुढचा बांध ज्यानं त्यानं बघावा. कणगीच नको."

बांध फुटला नाही तो कुणामुळे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार शहाणे एकत्र बसले की असं होतं कधी कधी. पायली वाचतेय म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. पाटलानंही केला, कारण त्याला जाब द्यायचा नव्हता. पोशाकाका कोपऱ्यात उभा होता. तो भांडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "बरं. हा आकडा कुठं ठेवू?" आणि दुसऱ्या दिवशी होडीत बसून पलीकडच्या काठाला, लेकीच्या गावी निघून गेला.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला, बांध जागच्या जागी. गोमा मिशीला पीळ देत सगळ्यांना सांगत सुटला, पाहिलंत ना? पावसाळा लागल्यावर मात्र त्याच्या शेताकडेला ओल दिसू लागली. त्यानं बीळ शोधलं आणि बुजवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी तीन बिळं. ती बुजवली तर पुढे सात. चार दिवसांत त्याची कंबर धरली, तेव्हा कुठं त्याला कळलं, की काका हिंडत नव्हता.

तरी गडी हटला नाही. आपल्या शेतापुढचा बांध त्यानं दगडासारखा केला. बाकीच्यांनीही आपापल्यापुढचा केला. राहिला तो ठमाबाईपुढचा. तिच्याच्यानं पाटी उचलवत नव्हती. ती दारोदार सांगून आली, की माझ्यापुढं बांध पोखरलाय. सगळे म्हणाले, बघू. गोमाही म्हणाला, बघू.

भादव्याच्या अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. भात निसवलं होतं, लोंब्या नुकत्या दुधावर होत्या. बांध फुटला तो बरोबर ठमाबाईपुढं. पाणी तिच्या शेतात शिरलं, तिथून शेजाऱ्याच्या, तिथून पुढं, आणि सगळ्यांत खोलगट शेत होतं गोमाचं, तिथं येऊन कमरेएवढं साचलं; वरच्या शेतांवरून ते ओहोटीला ओसरलं, गोमाच्यातून हटलं नाही. पाण्याला कुठं ठाऊक, कोण पुढं आणि कोण मागं. आपला पक्का बांध पाठीशी असताना गोमा आपलंच भात खाऱ्या पाण्यात उभं पाहत राहिला. लोंबी हातात घेतली आणि तो लहान मुलासारखा रडला. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन वर्षं दाणा धरत नाही, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी होडी घेऊन तो पलीकडे गेला. पोशाकाका लेकीच्या अंगणात जाळं विणत बसला होता. गोमानं लोखंडी आकडा त्याच्यापुढं ठेवला.

"काका, चुकलो," तो म्हणाला. "पण कणगी रिकामी आहे. तुला द्यायला काही नाही."

काकानं आकडा उचलून त्यावरचा गंज पाहिला. "आधी ठमाबाईपुढं माती टाकायची," तो म्हणाला. "तुझ्यापुढं मग बघू." आणि होडीत जाऊन बसला.

ओहोटी साधून सगळं गाव बांधावर उतरलं. मेखा, पेंढा, चिखल, हातोहात पाट्या. खांदे भरून आले, पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा चांगुणा डोक्यावर पेजेचं भलंमोठं भांडं घेऊन आली. गोमानं विचारलं, तांदूळ आणलास कुठून? ती म्हणाली, कार्तिकात तुम्ही वाचवलीत ती पायली मी बाजूला ठेवली होती. गावाची होती, तिला घरच्या चुलीवर कशी चढवू? खाली मान घालून गोमानं पेज प्यायली, आणि आणखी मागितली.

बांध उभा राहिला आणि रीतही परत सुरू झाली, पण जुन्यासारखी नाही. मोठ्या शेताच्या दोन पायल्या, मधल्याची एक, ठमाबाईची एक मूठ. कणगी उघडायची ती सगळ्यांसमोर. आणि गेल्या वर्षीचं भात कुठं गेलं हे पहिल्यांदा विचारायचं ते ज्यानं सगळ्यांत कमी दिलं त्यानं. पहिल्याच खेपेला ठमाबाईनं पाटलाला उभं करून विचारलं, माझी मूठ कुठं गेली? पाटील तिला बांधावर घेऊन गेला, बुजवलेली बिळं दाखवली, सुईणीनं सोडवलेली बाळंतीण दाखवली. येताना बिचाऱ्याला घाम फुटला होता. व्याह्यांच्या जेवणावळी त्यानंतर त्याच्या घरच्याच भातावर झाल्या.

तीन वर्षांनी गोमाच्या शेतात पुन्हा भात आलं. त्यानं दोन पायल्या भरून ओतल्या. तोंड थोडं वाकडं झालंच, खोटं कशाला सांगू. घरी जाताना त्याला बांधावर पोशाकाका दिसला. पाटी रिकामी, आकडा खांद्यावर, गाणं गुणगुणत काका निवांत चालला होता.

गोमानं चांगुणेला थांबवून ते दाखवलं.

"बघ," तो म्हणाला, "काका रिकामा हिंडतोय. चल, आज पोटभर जेवू."

तात्पर्य: सगळ्यांच्या कामाचा वाटा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे द्यावा, दिलेला कुठं गेला हे निर्भीडपणे विचारावं, पण संकट आलं नाही म्हणून राखण फुकट गेली असं कधी म्हणू नये.