चार पानांची लेकरं

एक होता राजा. डोक्यावर मोठा मुकुट, पण मुकुटाखाली काय होतं देव जाणे! त्याच्या गावच्या तळ्याकाठी ठकू भोईण राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. ती आपली तळ्याच्या कडेकडेनं चिखलात इवलासा नेचा लावायची. एकेका देठाला चार चार पानं. सांज झाली की पानं मिटायची, आणि मग त्यांच्या कुशीत तळं झोपायचं, बरं का.

एकदा काय झालं, राजा तळ्यावर आला. म्हणाला, "याला फूल कुठाय?"

"नेच्याला फूल येत नाही, महाराज," ठकू म्हणाली.

राजा फिदीफिदी हसला. "फूल नाही, फळ नाही. वांझेनं लावलं, तेही वांझच!"

बघा मेल्याची जीभ! मला अजून राग येतो. ठकूच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. राजाच्या माणसांनी सगळा नेचा उपटला नि उन्हात फेकला.

मग तळं रुसलं. राजानं कमळं लावली, तळ्यानं ती काठावर भिरकावली. मग राजानं दगडी घाट बांधला, तळ्यानं तो गिळून टाकला. मग राजानं सोन्याची फुलं सोडली. सोन्याची! आता मात्र तळं असं चिडलं, की सगळं पाणी घेऊन जमिनीखाली निघून गेलं. मागे उरला नुसता भेगाळलेला चिखल. गावाच्या घशाला कोरड पडली. राजाची तान्ही लेकसुद्धा पाण्यावाचून रडू लागली.

मग राजा अनवाणी ठकूच्या दारात आला. "ठकूबाई, नेचा लाव गं."

"कशाचा लावू? एक काडी तरी ठेवलीत का?" ठकू कडाडली. "आधी तो शब्द परत घ्या. नेच्याला म्हणालात तोही आणि मला म्हणालात तोही!"

राजानं तळ्याच्या चिखलात गुडघे टेकले. "चुकलो," म्हणाला, आणि आपल्या वाटणीचं घोटभर पाणी त्यानं तिथं ओतलं. चिखलात मसुरीएवढे काळे दाणे दडले होते. नेच्यानं आपल्या मुळाशी, पोटाशी धरून ठेवलेले, उपटताना चिखलातच राहून गेलेले. पाणी लागताच दाणे तटातट फुटले, काठ हिरवागार झाला. सांजेला पानं मिटली, आणि तळं गुपचूप झोपायला परत आलं.

"वांझ म्हणालात ना?" ठकू म्हणाली. "मोजा आता लेकरं!"

राजा मोजत बसला, अजून मोजतोय. राणीनं तिथंच काठावर ठकूची ओटी भरली. सगळी पोटभर पाणी प्यायली नि सुखानं राहिली. पानं मिटली, आता तुम्हीही डोळे मिटा. आणि तो शब्द उद्या कुणाला बोललात, तर गाठ माझ्याशी आहे!