सुराआधीचा चहा

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासात केस पिकवलेले एक आचार्य होते. नुसता सूर चढला-उतरला की शब्दाचा अर्थच बदलतो, अशा भाषा माणसाचा कान कशा ऐकतो, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतः बोलायला मात्र भारी कंजूष! त्यांची शिष्या शाल्मली त्यांना मनातून घाबरायची.

तिचा प्रयोग साधा होता. मिझो ही अशीच सुरांवर चालणारी भाषा. एका मिझो मुलीचा आवाज मुद्रित करायचा, त्यातला एकेक शब्द कापून मिझो श्रोत्यांना बंद खोलीत ऐकवायचा आणि विचारायचं, सूर वरचा की खालचा? पण काय सांगावं, स्वतःच्याच भाषेत ते श्रोते गोंधळले. निकाल पाहून आचार्य एवढंच म्हणाले, "पुन्हा कर." झालं! सर चिडलेत, आपण या विद्येच्या लायकीच्या नाही, असं पोरीने मनाला लावून घेतलं. हा प्रयोग उरकला की अभ्यास सोडून परत येते, असं तिने आईला कळवूनही टाकलं.

फेरप्रयोगाच्या सकाळी पाहते तर खोलीत कोणीच नाही. आचार्य सगळ्या श्रोत्यांना घेऊन कँटीनमध्ये बसलेले, आणि मधोमध तीच ध्वनिमुद्रणातली मुलगी चहा पीत मनसोक्त गप्पा मारते आहे!

"अहो सर, हे काय केलंत! सगळा प्रयोग वाया गेला!" शाल्मलीला रडूच फुटलं.

"आधी त्यांचा चहा होऊ दे," आचार्य म्हणाले.

मग तेच श्रोते बसले, तेच शब्द वाजले, आणि या खेपेला उत्तरं पटापट बरोबर आली. शाल्मलीने उत्तरांचा कागद दोनदा तपासला.

"अगं, कुठलाही सूर एकटा उंच नसतो की खालचा नसतो," आचार्य म्हणाले. "बोलणाऱ्याचा नेहमीचा आवाज कानात बसला, की त्याच्या तुलनेत तो कळतो. तू शब्द इतका स्वच्छ कापलास, की त्यातून माणूसच निघून गेला. माझंही तेच केलंस, दोन शब्द तेवढे कापून घेतलेस. काल तुझ्या आईचा फोन आला होता, सगळं कळलं मला. वेडे, रागावलो असतो तर 'पुन्हा कर' कशाला म्हटलं असतं? 'जा' म्हटलं असतं."

शाल्मलीने डोळे पुसले, आईला तिथूनच कळवलं की मी इथेच राहते आहे, आणि सरांपुढे खुर्ची ओढून बसली. "सर, तुम्ही पहिल्यांदा आवाज मुद्रित करायला कुठे गेला होतात?"

मग काय विचारता! डोंगरातलं गाव, पाठीवरचं जड यंत्र, ओढ्यात पडलेली ध्वनिफीत... बोलता बोलता आचार्यांचा आवाज चढला, हात नाचू लागले. शेजारच्या टेबलावरचे लोक दचकून वळले. त्यांना वाटलं, भांडण जुंपलं. शाल्मली मात्र हसत होती. सर आनंदात आहेत, हे तिला आता ऐकू येत होतं.