अकरा घरांचं उत्तर

"मग तुमच्या उशाशी कोण बसणार, बुवा? मी की हैबती?"

भानुदासानं विचारलं खरं, पण नजर वर केली नाही.

केवळबुवांच्या पोटात आठ दिवस अन्न ठरत नव्हतं. बरी न होणारी माणसं त्यांच्या मठात शेवटचे दिवस काढायला येत. हे दोघे शिष्य त्यांची सेवा करत. आता पाळी बुवांचीच होती.

मठाची एक रीत होती. माणूस गेलं, की चौदा दिवसांनी शिष्यानं त्याच्या घरी जायचं, ओसरीवर टेकायचं आणि एवढंच विचारायचं, "जाणाऱ्याला काय कमी पडलं?" या वर्षीच्या अकराही घरी भानुदासच गेला होता; शेवटच्या घराहून नुकताच परतला होता.

"काय म्हणाली माणसं?"

"हैबती, हैबती आणि हैबती!" भानुदासाचं तोंड कडू झालं. "जखमा धुतल्या मी. कूस पालटून दिली मी. एकाच्याही पाठीला व्रण पडू दिला नाही. तो काय करतो? म्हशी राखल्यासारखा नुसता बसतो! आणि सावरगावच्या घरातली सून मलाच विचारते, तुम्ही होता का हो तिथं?"

बुवांना हसू आलं. हसताना कळ उठली.

"तू त्यांना काय विचारलंस?"



"विचारलं, आम्हा दोघांतलं कोण आठवतं."

"अकराही घरी?"

"होय, बुवा."

"म्हणजे कमी काय पडलं, ते राहूनच गेलं."

भानुदासाचे कान तापले.

तेवढ्यात हैबती पाण्याची वाटी घेऊन दारात आला. "बुवांचे ओठ सुकले असतील. येऊ का, भानूदादा?"

भानुदास ताडकन उठला. त्यानं वाटी काढून घेतली. "तू बाहेर थांब."

हैबती बाहेर पायरीवर जाऊन बसला.

भानुदासानं कापसाचा बोळा भिजवून बुवांच्या ओठांवर धरला. बोळा जरा जास्तच दाबला गेला. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. बुवांचे डोळे त्याच्या खांद्यावरून दाराकडे लागले होते...

बराच वेळ लागलेले होते.

मग ते भानुदासाकडे वळले.

"मला ना बायको, ना पोर; माझ्या घरचा तूच. माझ्यामागे चौदा दिवसांनी हैबती तुझ्याच ओसरीवर येऊन टेकेल, भानू... काय कमी पडलं म्हणून त्यानं विचारलं, तर काय सांगशील?"