दारातली मेलेली गांधीलमाशी

“म्हातारे, ही घाण आधी बाहेर फेक!” दारावरची पहारेकरीण फणकारली. “मेलेले काही या घरात क्षणभरही ठेवत नाहीत, हे मी तुला सांगायचे?”

“ठेवणार! इथेच, दारात ठेवणार, सगळ्या हिच्याकडून शिकतील,” म्हातारीने ठणकावले आणि डिंकात अडकून मेलेली ती गांधीलमाशी आणखी थोडी ओढून घेतली.

एका जंगलात, हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. त्यातलीच ही म्हातारी मधमाशी. पंखांच्या कडा झिजलेल्या, जीभ मात्र तिखट. मागच्या फुलोऱ्यात एक गांधीलमाशी आली, तेव्हा ही कोण हे कळेपर्यंत ती थेट आत शिरली होती आणि अर्ध्या अळ्या तिने फस्त केल्या होत्या. तो आकांत म्हातारी विसरली नव्हती.

“मेलेलीकडून शिकायचे ते काय?” पहारेकरणीने विचारले.

“तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला काय ठाऊक! हिचा जीव गेलाय, वास नाही गेला.”

“मग निदान आत कोपऱ्यात ठेव. दारात कशाला हे प्रदर्शन?”

म्हातारी तिथेच ठाण मांडून बसली. येणारी-जाणारी प्रत्येक माशी ते मढे हुंगू लागली. आधी घाबरगुंडी उडाली, मग नांग्या उगारल्या गेल्या. दिवसभर दार तापले, कामे खोळंबली. “मढ्याशी लढाई! जंगल हसेल आपल्याला,” पहारेकरीण कुरकुरली. पण तो वास दारातल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसला. मग म्हातारीने स्वतःच मढे बाहेर ढकलले. मुलांनो, मढे गेले, ओळख राहिली. लक्षात ठेवायचे ते एवढेच.

फुलोरा सरत आला आणि एका सकाळी जिवंत गांधीलमाशी दारात उतरली. पंख मिटायचीही उसंत तिला मिळाली नाही. “तीच ही!” एक कोवळी माशी ओरडली आणि अख्खे दार तिच्यावर तुटून पडले. माश्यांनी तिला चहूबाजूंनी वेढले, अंगे थरथरवून अशी धग केली की ती उंबऱ्यावरच होरपळून मेली. आत एका अळीलाही धक्का लागला नाही. काय ही म्हातारी, आणि काय तिची अक्कल!

पहारेकरीण थक्क झाली, पण तिचा हट्ट काही सुटेना. “मानले तुला, आजी. पण आत दाखवली असतीस तरी चालले असते की!”

म्हातारीने झिजलेले पंख झटकले. “चोर दारातून येतो ना गं? मग त्याची ओळख माजघरात पटवून काय उपयोग?”

तात्पर्य : श्वासाच्या रोगांचे जंतू नाकाच्या दारातून शिरतात; म्हणून मारलेल्या जंतूंची लस नाकातच दिली, तर शरीराचे पहारेकरी त्यांना उंबऱ्यावरच ओळखायला शिकतात. शत्रूची ओळख तो निर्जीव असताना आणि त्याच्या येण्याच्या वाटेवरच करून घ्यावी.