ध्वजाजवळच्या काठ्या

सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर, एका लहान शहराबाहेरील गोल्फ मैदानाच्या कडेला, एकेकाळी एक वृद्ध शिक्षक राहत असत. आबासाहेब निंबाळकर त्यांचे नाव. तारुण्यात त्यांनी खेळाडू म्हणून मोठा लौकिक मिळवला होता. पुढे खांदा दुखावला, खेळ सुटला आणि ते शिकवू लागले. शिकवताना ते फार बोलत नसत. त्यामुळे काही शिष्य कंटाळून निघून जात. जे टिकत, ते बहुधा नाव काढत.

त्यांच्याकडे शर्वाणी धारप नावाची एक तरुणी शिकायला आली. ती काही नवखी नव्हती. तिचा लांबचा फटका इतका सरळ जाई की पाहणाऱ्याने थबकावे. तरीही राज्याच्या संघातील जागा तिच्या हातून दोनदा निसटली होती, आणि दोन्ही वेळा ध्वजाच्या अगदी जवळ येऊन. मोठमोठी अंतरे लीलया पार करणारी ही मुलगी शेवटच्या काही पावलांवर अडखळे. या वर्षी जमले नाही तर खेळ सोडायचा, असे तिने मनाशी ठरवले होते. घरी मात्र कोणाला सांगितले नव्हते.

गोल्फ आपल्यापैकी बहुतेकांनी दुरूनच पाहिलेला खेळ, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. खेळाडूला पिशवीत चौदाच काठ्या नेता येतात. ध्वजाजवळ आल्यावर चेंडू हळुवार टाकण्यासाठी ज्या काठ्या असतात, त्यांना वेज म्हणतात. वेजचे पाते जितके मागे कललेले, तितका चेंडू उंच उडतो आणि पडल्यावर कमी धावतो. अशा किती न्यायच्या आणि कोणत्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एक वाढवली की दुसरी कुठली तरी घरी ठेवावी लागते.

शर्वाणीने चार वेज आणल्या होत्या. चौथी सर्वांत नवी, सर्वांत कललेली, आरशासारखी लखलखती. ती काढून दाखवत तिने विचारले, "आबासाहेब, या चार बरोबर आहेत ना? की एखादी बदलू?"

आबासाहेबांनी त्या काठ्यांकडे पाहिलेही नाही. "पिशवी ओसरीवर ठेव," ते म्हणाले. "थोडे चेंडू घे आणि चल."

ध्वजाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपाशी आल्यावर ते चिंचेच्या सावलीत खुर्ची टाकून बसले.

"आता चेंडू टाक. ध्वजापाशी थांबला पाहिजे."

"काठी?"

"काठी नाही. हाताने टाक."

शर्वाणी गोंधळली, पण तिने चेंडू टाकला. मग दुसऱ्या जागेवरून टाकला. कधी उतारावरून, कधी वाळूच्या खड्ड्यामागून, कधी अगदी हिरवळीच्या काठावरून. आबासाहेब नुसते बोट दाखवत आणि ती तिथे जाऊन उभी राही. क्लबच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या मंडळींना गंमत वाटू लागली. "अहो, या वयात गोट्या खेळायला शिकवताय की काय?" कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला. शर्वाणीचे कान तापले. डोळ्यांत पाणी येते की काय, असे तिला वाटले. पण ती टाकत राहिली. तिची ही जिद्द आबासाहेबांनी मनात टिपून ठेवली असावी. कारण पुढे कितीतरी लोकांना त्यांनी त्या सकाळची हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली.

ऊन डोक्यावर आले तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावले.

"दमलीस?"

"दमले नाही. पण मला काही कळलं नाही, आबासाहेब."

"मला कळलं ते सांगतो. मधे मोकळी जमीन होती तिथे तू चेंडू सरपटत सोडलास. जरा गवत आडवं आलं, तर तेवढंच ओलांडून टाकलास आणि पुढे धावू दिलास. उंच फेकलास तो फक्त वाळूच्या खड्ड्यामागून, तोही नाइलाजाने. हे तुझ्या हाताला कोणी शिकवलं नव्हतं. हाताने जमीन पाहिली आणि जमिनीने जे मागितलं ते दिलं. पिशवी उघडलीस की मात्र तू जमिनीकडे पाहत नाहीस. काठ्यांकडे पाहतेस."

शर्वाणीची नजर ओसरीवरच्या पिशवीकडे गेली.

"ती चौथी काठी कशासाठी घेतलीस?"

"सगळे चांगले खेळाडू घेतात म्हणून..." ती अडखळली. मग खरे तेच बोलली. "चेंडू उंच जाऊन अलगद पडतो ना, तेव्हा बघणारे वा म्हणतात. मला ते आवडतं."

"आवडणारच," आबासाहेब हसून म्हणाले. "मलाही आवडायचं. पण आपली ही जमीन कातळाची. टणक. इथे तसं पातं जमिनीवर आपटून उसळतं आणि चेंडूच्या डोक्यात बसतं, मग तो ध्वजापलीकडे पळतो. दोन्ही वेळा तुझं तेच झालं ना?"

दोन्ही वेळा नेमके तेच झाले होते. ती ओसरीवर गेली, चौथी काठी पिशवीतून काढून बाजूला ठेवली आणि उरलेल्या तीन घेऊन परत आली.

रिकाम्या झालेल्या जागी तिने मधल्या अंतराची एक काठी घेतली आणि तो हिवाळा त्या तिघी वेजच्या सहवासात काढला. कोणती किती उडते आणि किती धावते, हे तिच्या मनगटाला पाठ झाले. निवड स्पर्धा आली. शेवटच्या ध्वजाशी तिचा चेंडू पूर्वीसारखाच हिरवळीबाहेर राहिला. प्रेक्षक उंच फटक्याची वाट पाहत होते. शर्वाणीने सर्वांत कमी कललेली वेज उचलली. चेंडूने एक छोटी उडी घेतली, मग तो जमिनीवरून घरंगळत, वळण घेत गेला आणि ध्वज रोवलेल्या खळग्यापाशी थांबला. कोणी वा म्हटले नाही. पण ती संघात आली.

गोष्ट इथे संपली असती, तर शर्वाणी एक चांगली शिष्या होती एवढेच सिद्ध झाले असते.

राष्ट्रीय स्पर्धा दूरच्या एका समुद्रकाठच्या मैदानावर होती. आबासाहेबही संघाबरोबर गेले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शर्वाणी एकटीच ते मैदान पायी हिंडून आली. तिथली माती मऊ होती, गवत दाट आणि ओले. हिरवळी ओट्यासारख्या उंचावर होत्या. अलीकडे टाकून पाहिलेला चेंडू पुढे धावतच नव्हता. पडला तिथेच रुतून बसत होता. संध्याकाळी ती विश्रामगृहाच्या भोजनगृहात आली. आबासाहेब चहा घेत होते. तिच्या हातात तीच चौथी काठी होती. सामानाच्या तळाशी तिने ती आणली होती, वापरायच्या हेतूने नव्हे, सवयीने.

"आबासाहेब, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"उद्या ही घ्यावी असं वाटतंय. इथे चेंडू धावत नाही. वरून उतरवला तरच थांबेल. आणि माती मऊ आहे, पातं उसळायचं नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्हीच काढायला लावली होती ना?"

"मी?" आबासाहेबांनी कप खाली ठेवला. "नीट आठव, पोरी."

तिने आठवले. त्यांनी तसे कधीच म्हटले नव्हते. काठी तिची तिनेच काढली होती.

"मी 'तीन घे' असं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर इथे तू तीनच घेऊन उभी राहिली असतीस आणि हरली असतीस. उत्तर दिलं की ते एका मैदानापुरतं चालतं. जाऊ दे. ही घेणार, तर काढणार कोणती?"

शर्वाणीने काढायची ती आधीच ठरवली होती. ती जिच्यासाठी ओळखली जाई, ती लांब फटक्याची काठी. संघातल्या मुली चकित झाल्या. "अगं, तीच तर तुझी ताकद!" एकजण म्हणाली.

"इथल्या वाटा अरुंद आहेत आणि वारा आडवा," शर्वाणी म्हणाली. "तिचं काम एखाद्या वेळीच पडेल. हिचं पदोपदी."

आबासाहेब तिच्याकडे पाहत राहिले. स्वतःच्या सामर्थ्याची वस्तू अशी शांतपणे बाजूला ठेवणारे माणूस त्यांनी फार थोड्या वेळा पाहिले होते.

स्पर्धा चुरशीची झाली. शेवटच्या दिवशी पदक मिळणार की नाही, हे शर्वाणीच्या अखेरच्या ध्वजावर येऊन ठेपले. चेंडू उंच हिरवळीच्या खाली, ओल्या गवतात होता. तिथून ध्वजाचे नुसते टोक दिसत होते. तिने एकदा चढ पाहिला, एकदा गवतावर तळवा ठेवला आणि चौथी काठी घेतली. चेंडू सरळ वर गेला, क्षणभर वाऱ्यात रेंगाळल्यासारखा वाटला आणि हिरवळीवर उतरला. वरच्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांचा आवाज ऐकूनच तिला कळले की तो थांबला आहे. उरलेला छोटा फटका तिने न डगमगता पुरा केला. संघ तिसरा आला. कित्येक वर्षांनी राज्याला पदक मिळाले.

बक्षीस समारंभानंतर दुसऱ्या एका राज्याचे शिक्षक आबासाहेबांना शोधत आले. बरोबर त्यांची एक होतकरू शिष्या होती. अत्यंत आदराने त्यांनी विचारले, "निंबाळकरसाहेब, माझ्या या मुलीने कोणत्या वेज घ्याव्यात? आपण सांगाल तशा घेऊ."

आबासाहेबांनी पलीकडे बूट पुसत बसलेल्या शर्वाणीकडे बोट दाखवले.

"तिला विचारा," ते म्हणाले. "तिला माझ्याहून बरं कळतं आता."

ते शिक्षक शर्वाणीकडे वळले आणि त्यांनी तोच प्रश्न केला. ती लगबगीने उठून उभी राहिली. तिने आधी त्या मुलीकडे पाहिले, मग हसून विचारले, "तुमच्याकडची जमीन कशी असते गं?"

आबासाहेबांनी समाधानाने मान डोलावली.