उंबऱ्याशी थांबलेलं पाणी

"आनि सुटला, तर जाईल कुठं?"

दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं तेव्हा रणधीर बसखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. त्यामुळे उत्तर पायांनीच दिल्यासारखं वाटलं.

"सुटणारच नाही, चाचा."

केतकीनं मनात मोजलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि मिस्त्रींचा हात तसाच सदऱ्याच्या खिशावर.

त्या खिशात गॅसचा रेग्युलेटर होता.

बस साखर कारखान्याची. वीस वर्षं कामगारांची ने-आण करून थकली, तेव्हा रणधीरनं ती विकत घेतली आणि शिरोलीच्या एका शेडमध्ये आणून तिचं घर करायला घेतलं. आत ओटा आला, पलंग आला, खिडक्यांना पडदे आले. पडदे केतकीनं शिवले. लग्नाला अजून तीन महिनेही झाले नव्हते.

रणधीर पवनचक्क्या दुरुस्त करायचा. दोन महिने या पठारावर, तीन महिने त्या. लग्न ठरताना सगळे धरूनच चालले होते, की नवरा पठारं फिरेल आणि बायको गडहिंग्लजला सासूबाईंपाशी त्याची वाट बघेल. केतकी कमी बोलायची, म्हणून तिला ते पटलंय असं सगळ्यांना वाटलं.

तिनं रणधीरला एवढंच विचारलं होतं, "घरच बरोबर नेलं तर?"

आज बाराच्या आत त्या घरात दूध उतू जायचं होतं. सासूबाई दूध, माप आणि समई घेऊन निघाल्या होत्या. उद्या बस पठारावर. पण सासूबाईंनी निघताना फोनवर बजावलं होतं, "त्या म्हाताऱ्यानं गॅसला हो म्हटलं तर ठीक. न्हाईतर पोरगी माझ्यासंगं येईल, आनि तू जा एकटा पवनचक्कीच्या पंख्याखाली झोपायला."

आणि म्हातारा काही हो म्हणत नव्हता.

दस्तगीर मिस्त्रींनी चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या हॉटेलांच्या आणि मंगल कार्यालयांच्या गॅसच्या लाइनी टाकल्या होत्या. आता त्यांचे हात थरथरायचे. रणधीर शिकायला गेला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती.

"पाना तुझा, हात तुझा. मी नुसतं इचारनार. रेग्युलेटर शेवटी देनार."

रणधीर हुशार होता. हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ येत नसे. पण त्यानं काम केलं होतं ते खरंच बघण्यासारखं. सिलिंडरला पत्र्याचं वेगळं कपाट, त्याचं दार फक्त बाहेरून उघडणारं, तळाला जाळी. सिलिंडर पट्ट्यानं उभा बांधलेला. तांब्याची नळी वीत-वीत अंतरावर चिमट्यात धरलेली, कारण बस हादरते. नळी पत्र्यातून जिथं पार जाते तिथं रबराचं कडं, कारण पत्रा कापतो. नळीत हवा भरून रात्रभर ठेवली होती. सकाळी दाबाचा काटा होता तिथंच.

रणधीर बसखालून बाहेर आला. हातात साबणाच्या फेसाचा डबा.

"एकूण एक जोड बघितला. एक बुडबुडा नाही. चाचा, तुम्ही स्वतः बघा."

"बगितलं."

"मग?"

"काम चांगलं हाय."

"मग रेग्युलेटर?"

मिस्त्री दाराच्या पायरीवर चढले, आणि थांबले.

दारात उंबरा होता. गेल्या आठवड्यात नव्हता.

"ह्यो कवा आला?"

रणधीर खुलला. उंबऱ्याची गोष्ट त्याला सांगायचीच होती. सासूबाईंनी बस पहिल्यांदा पाहिली तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "पायऱ्या हायत, दार हाय, उंबरा कुठाय? माझी सून माप काय पायरीवर ठिवून ओलांडनार?" मग रणधीरनं जुन्या बाजारातून सागवान आणलं. चार बोटं उंच उंबरा केला, पॉलिश केलं, आणि खालच्या कडेला सगळीकडून पुट्टी भरून तो पक्का बसवला.

"मुंगीसुद्धा शिरणार नाही," तो म्हणाला.

मिस्त्रींनी उंबऱ्याला हात लावून हात कपाळाला लावला. मग जपून, गुडघा धरत, तो ओलांडला.

"शिरायचं मी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

केतकी आत होती. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तिनं पहाटे कमळाची रांगोळी काढली होती. तिच्या मधोमध समई बसायची होती. पाकळ्या नऊच झाल्या होत्या, पण सासूबाई येईपर्यंत दहावी काढायला वेळ होता.

"पोरी, तांब्या भरून पानी दे."

तिला वाटलं, प्यायला. तिनं भांडंही पुढं केलं.

मिस्त्रींनी भांडं नको म्हणून मान हलवली. तांब्या घेऊन ते ओट्यापाशी गेले, शेगडीच्या बरोब्बर खाली उकिडवे बसले, आणि तांब्या सावकाश जमिनीवर ओतला.

"अहो चाचा! नवी फरशी आहे ती!" रणधीर दारातून ओरडला.

"पुसता येती."

पाणी क्षणभर घुटमळलं. मग वाट सापडल्यासारखं दाराकडं निघालं. बसची जमीन दाराकडं किंचित उतरती होती. तीही मिस्त्रींनीच मुद्दाम ठेवायला लावली होती. आणि दाराच्या तळाशी दोन बोटांची फट, तीही त्यांनीच. रणधीरनं दोन्ही केलं होतं. का, ते विचारलं नव्हतं.

पाणी रांगोळीपाशी आलं. कमळाच्या पाकळ्या एकेक करून विरघळल्या.

मग ते उंबऱ्याला टेकलं... आणि थांबलं.

तिघं बघत राहिले. फट उंबऱ्याच्या पलीकडं होती. पाणी अलीकडं. चांगलं तळं झालं. उंबरा खरोखरच पक्का होता.

"गॅस वर जातो म्हनून शिकवलं का तुला कुनी?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो. माहिती आहे मला."

"माहिती हाय." मिस्त्रींनी मान डोलावली. "आनि समई कुठं?"

रणधीरनं हातातला साबणाचा डबा खाली ठेवला.

केतकीचं लक्ष पाण्यात तरंगणाऱ्या गुलाबी रंगावर होतं. समई तिथंच बसायची होती. बरोब्बर तिथं.

"आई दूध ठेवतील," ती हळू म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती बोलली की लोक असे वळून बघत, आणि बहुधा म्हणूनच ती बोलत नसे.

"दूध उतू जाईल. जाळ विझेल. गॅस येतच राहील. आणि आपण..." ती थांबली. "आपण टाळ्या वाजवू."

बाहेर एक रिक्षा येऊन थांबली.

सासूबाई उतरल्या. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात तांदळानं भरलेलं माप, काखेत फडक्यात गुंडाळलेली समई. आल्या आल्या त्यांचे डोळे उंबऱ्यावर गेले, आणि तोंडभर हसू आलं. मग ते पाण्यावर गेले, आणि हसू गेलं.

"ह्ये काय? मुहूर्ताच्या दिवशी घरात गळती?"

"गळती नाही, आई. चाचांनी ओतलं."

"कशापायी?"

रणधीरनं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी केतकीकडं.

"मला नगा इचारू, ताई," ते म्हणाले. "घर तिचं हाय."

लग्नापासून केतकी सासूबाईंशी पाच शब्दांपेक्षा लांब वाक्य बोलली नव्हती. कामही पडलं नव्हतं. सासूबाईंची वाक्यं दोघींना पुरून उरत.

"आई, उंबऱ्याला भोकं पाडायला लागतील. खाली. जमिनीलगत."

"उंबऱ्याला?"

"तीन."

"अगं बाई!" सासूबाईंनी माप छातीशी धरलं. "उंबऱ्याला भोकं पाडल्यावर लक्ष्मी घरात ठरंल व्हय? बोडकं घर बरं त्यापेक्षा! अन् ह्ये कुनी सांगितलं, ह्येंनी? ह्येंनी आधी का न्हाई सांगितलं?"

"आधी उंबरा न्हवता," मिस्त्री म्हणाले.

सासूबाई दम घ्यायला थांबल्या. ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडली असावी. केतकीनं तेवढ्यात बोलून घेतलं.

"आई, तुमच्या जुन्या घरी चुलीवर धुराडं होतं ना?"

"हुतं की. त्याबिगर का डोळं फोडून घ्यायचं?"

"त्याला कुणी घराला भोक पडलं म्हणालं?"

"त्ये येगळं. धूर वर जातो."

"हा खाली जातो, आई. इतकंच."

सासूबाईंनी पाण्याकडं बघितलं. मग शेगडीकडं. मग हातातल्या किटलीकडं. आणि शेवटी काखेतल्या समईकडं त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं.

"मी ती इथंच ठिवनार हुते," त्या पुटपुटल्या.

त्यांनी किटली पायरीवर टेकवली.

"पाड बाबा," त्या रणधीरला म्हणाल्या. "पन थांब. आधी हळदीकुंकू लावू दे त्याला. न सांगता भोसकायचा न्हाई."

उंबऱ्याला हळदीकुंकू लागलं. मग रणधीर गुडघ्यावर बसला. मिस्त्री आत पलंगावर पाय सोडून बसले होते, पण त्यांनी हात पुढं केला नाही. ड्रिलचा आवाज शेडभर घुमला. गेल्या रविवारी मन लावून पॉलिश केलेल्या सागवानाचा पिवळा भुसा रणधीरच्या पायांवर पडत होता, आणि तो तोंडातून शब्द काढत नव्हता. हे केतकी पहिल्यांदाच बघत होती. तिला तो तसा बरा वाटला.

पहिलं भोक पलीकडं निघालं, आणि पाणी त्यात शिरलं. दुसऱ्यातून गेलं. तिसऱ्यातून गेलं. फटीतून पायरीवर, पायरीवरून खाली, शेडच्या धुळीत. तळं आटलं. जमिनीवर गुलाबी डाग तेवढा राहिला.

उंदीर शिरू नयेत म्हणून रणधीरनं भोकांना जाळी ठोकली. कुणी न सांगता.

सासूबाईंनी समई बसपासून लांब, शेडच्या तोंडाशी असलेल्या तुळशीच्या कुंडीपाशी ठेवली. "हितनंबी उजेड येतोच की आत," त्या म्हणाल्या. मग आत येऊन केतकीला ओट्यापाशी उभं केलं. "दूध वर आलं की आधी हात बटनावर. नमस्कार मागनं. टाळ्या त्याच्याबी मागनं. देवाला घाई न्हाई."

"हो."

"अन् अशी बोलत जा जरा. मला वाटलं, मुकी सून केली."

बाराला दहा मिनिटं होती.

रणधीर मिस्त्रींसमोर येऊन उभा राहिला. केसांत भुसा, हातावर काळं ग्रीस. त्यानं हात पुढं केला.

"चाचा, झालं. जोड बघितले. उतार आहे, फट आहे, भोकं आहेत. आता काही धोका नाही."

मिस्त्रींनी खिशावरचा हात काढला नाही.

"द्या ना आता. बारा वाजतील."

दूरवर हायवेला ट्रक चढ चढत होता. सासूबाई काही बोलायला निघाल्या... केतकीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्या थांबल्या.

"सुटला, तर जाईल कुठं?" मिस्त्रींनी विचारलं. पुन्हा तेच. आवाजही तोच.

"सुटणार..."

रणधीरचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्यानं उंबऱ्याकडं बघितलं. त्याच्या उंबऱ्यातून अजून एक थेंब बाहेर जात होता. तो गेला. मग दुसरा जमू लागला.

पाच मिनिटं होती.

"सुटेल, चाचा," तो म्हणाला. "कधीतरी सुटेलच."

दस्तगीर मिस्त्रींनी खिशातून रेग्युलेटर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मग लाव."