लिंबावर अडलेली गाडी

गाडी काही येत नव्हती, आणि रोपं काही थांबत नव्हती.

रोपं म्हणजे आमच्या शेजारच्या इंदू ढेकणेची. टोमॅटो-मिरचीची रोपं तयार करून ती शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवते. आमच्या दोघींमध्ये फक्त तारेचं कुंपण, त्यामुळं तिच्याकडं काय चाललंय ते मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं. तिनं नाक्यावरच्या शिंगटे मोटर्समध्ये उंच फाळक्यांची पांढरी पिकअप नोंदवली. कारखान्यातून तशी बनवून यायची होती. आणि भोळी बाई, जुना टेम्पो त्याच दुकानात बदल्यात देऊन मोकळी झाली! तेव्हापासून फोन केला की एकच उत्तर: गाडी कारखान्यातून निघालीय, वाटेत आहे.

भाड्याचा टेम्पो बघावा तर सगळे कांदा वाहायला लागलेले. रोपं ट्रेमधून माना काढून रस्त्याकडं बघायला लागली. आणखी दोन-तीन दिवसांत लावणीला गेली नाहीत तर सगळी उकिरड्यावर टाकायची, आणि शेतकरी दुसरीकडं वळणार ते वेगळंच.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी इंदू दुकानात निघाली. मीही गेले, तिला सोबत नको का.

दुकानाचे मालक तात्यासाहेब शिंगटे. माणूस दिलदार, पण हट्टी. काचेच्या मोठ्या दारामागं त्यांनी एक पिकअप शोभेला उभी केली होती. पांढरी, उंच फाळक्यांची, अगदी इंदूनं मागितली तशी. इंदू म्हणाली, मग हीच द्या की. तात्या म्हणाले, ही विकायची नाही, हिच्याकडं बघून गिऱ्हाईक आत येतं. इंदू म्हणाली, मी पण हिच्याकडं बघूनच आत आले होते, म्हणून तर अडकले.

दुकानातली माणसं हसली. तात्यांना ते झोंबलं. त्यांनी कमरेची चावी काढून सगळ्यांपुढं नाचवली.

"इंदूताई, एवढी हुशारी आहे ना? मग ऐका. चावी माझ्यापाशीच राहील. गाडी ढकलायची नाही. तुमच्यापैकी कुणी तिला बोटही लावायचं नाही. तशी ती उद्या या दारातून बाहेर काढून दाखवा. बाहेर आली की तुमची!"

"शब्द?"

"शिंगट्यांचा शब्द."

मी वाटेत तिला म्हटलं, अगं, हा माणूस तुझी चेष्टा करतोय. तर ती म्हणाली, काकू, तुमच्या झाडाची चार लिंबं द्याल का?

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला दुकान फुलून गेलं. आवारात नव्या गाड्या उभ्या, माणसं हार-पेढे घेऊन नटूनथटून आलेली. इंदू पूजेचं ताट घेऊन शोभेच्या गाडीपुढं उभी राहिली. तात्यांना म्हणाली, माझी गाडी वाटेत आहे, तोवर तिच्या या बहिणीची पूजा करू द्या. पूजेला नाही कोण म्हणणार? तिनं लांबूनच फुलं उधळली, कापूर लावला, उदबत्ती ओवाळली. मग चारही चाकांपुढं एकेक लिंबू कुंकू लावून अलगद सरकवलं. चाकाला बोट लागू दिलं नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. नारळ मात्र पिशवीतच ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "आम्ही बाहेर सावलीत बसतो."

आधी तात्या मिशीत हसले. मग एक आजीबाई नातवाच्या गाडीची पूजा करायला आल्या. त्यांनी ती चार लिंबं बघितली आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "ही गाडी लिंबावर अडलीय. ही हलल्याशिवाय आमच्या गाडीला हार घालायचा नाही."

झालं! मागची मंडळीही थांबली. कुणी कोचावर बसलं, कुणी सरबत मागवलं, मुहूर्त चालला निघून. तात्यांनी झाडणाऱ्या बाईला लिंबं उचलायला सांगितलं. ती म्हणाली, पूजेचं लिंबू मी नाही उचलायची. मेकॅनिकनं हात मागं घेतले. आता तात्यांनी स्वतः उचलावीत, तर तात्या म्हणजे दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधणारा माणूस!

शेवटी ते चरफडत गाडीत बसले आणि चावी फिरवली. चारही लिंबं फुटली. गाडीचं नाक दाराशी आलं, तेव्हा तात्यांनी गाडी मागं घ्यायला मान वळवली.

"अहो, लिंबू फुटल्यावर मागं घेतात का?" आजीबाई ओरडल्या. मंडळींनीही हात हलवून पुढं जायची खूण केली.

तात्या पुढं निघाले. दारातून बाहेर, उतारावरून थेट आवारात. वाटलं असेल, एक वळसा घालू आणि परत आत नेऊ.

वळणावर इंदू नारळ घेऊन उभी होती. गाडी थांबली.

"बाजूला व्हा, इंदूताई. गाडी मी काढलीय, तुम्ही नाही."

"आमच्यापैकी कुणी बोट लावायचं नाही, असं ठरलं होतं. नाही लावलं. तुम्ही लावायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? दारातून बाहेर आली की माझी, हा तुमचाच शब्द." इंदूनं गाडीचं दार उघडून धरलं. "तेव्हा तात्या, आता खाली उतरा. तुम्ही माझ्या गाडीत बसलाय."

 आधी तात्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि असे हसले की हॉर्नवर कोपर पडून तोही वाजला. उतरून त्यांनी चावी इंदूच्या तळहातावर ठेवली, तिच्या हातातला नारळ घेऊन स्वतः फोडला, वर एक नवी कोरी ताडपत्रीही आणायला लावली.

"ही माझ्याकडून, रोपांना ऊन लागू नये म्हणून," ते म्हणाले. "आणि तुमची ती वाटेतली गाडी आली, की काचेमागं मी ती उभी करीन. तिच्याजवळ लिंबू घेऊन तेवढं येऊ नका!"